विमानाच्या मॉडेलवर कॅमोफ्लाज कसा रंगवावा: विदर्भाच्या उन्हात मास्किंग शिकणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलचा, डावा पंख टेपसोबत सोलून निघाला. मे महिन्याची दुपार, वर टिनाचं छत. हिरवा रंग बोटाला कोरडा लागला म्हणून मी टेप ओढली, तर खालच्या मातकट रंगाचा नखाएवढा पापुद्रा प्रायमरसकट वर आला आणि आतलं उघडं करडं प्लास्टिक दिसू लागलं. तीन आठवडे लागले होते त्या विमानाला. हे काम आपल्या हातचं नाही, असंच त्या रात्री वाटलं.

हात ठीक होता. नंतर विमानं करत गेलो तसं कळलं की आपल्याकडे मास्किंग, म्हणजे एक रंग टेपने झाकून दुसरा मारणं, बिघडतं ते बहुतेक उष्णतेने आणि घाईने. ब्लेड सरळ चालवणं आठ-दहा दिवसांत जमतं. टेप कधी लावायची आणि कधी काढायची, हे कळायला मला फार वेळ लागला, कारण सांगणारं कोणी नव्हतं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मॉडेल करणारा मी एकटा. व्हिडिओत शिकवणारी माणसं थंड देशातली, नाहीतर एसीच्या खोलीतली. टेप रात्रभर राहिली तरी चालते, असं ती सांगतात. आपल्याकडे एप्रिल लागला की रात्रभर राहिलेल्या टेपचा गोंद सकाळी रंगावर चिकटलेला सापडतो.

ज्याचं मॉडेल जोडून झालंय, फटी भरून झाल्यात आणि आता रंगाला हात घालायची भीती वाटतेय, त्याच्यासाठी हे लिहितोय. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर ब्रशनेही होतं, तेही पुढे येईल.

१. पहिलं विमान सोपं निवडा

पहिल्या कॅमोफ्लाजसाठी, म्हणजे विमान लपावं म्हणून दिलेल्या रंगांच्या नक्षीसाठी, १:७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) स्पिटफायर घ्या. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटरच्या आसपास होता, म्हणजे मॉडेलवर साडेपंधरा सेंटिमीटर. हातात मावते, रंग थोडा लागतो आणि दोनच रंगांची वळणदार नक्षी असते. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतल्या स्पिटफायरला वरून डार्क अर्थ म्हणजे मातकट तपकिरी आणि डार्क ग्रीन, तर पोटाला स्काय नावाचा फिकट हिरवट रंग असे. हम्ब्रॉल कंपनीच्या रंगांत हे अनुक्रमे २९, ३० आणि ९० नंबरचे रंग. काळी माती, पऱ्हाटीची पानं आणि धुऱ्यावरचं वाळलेलं गवत रोज बघणाऱ्या माणसाला हे रंग डोळ्यांनी लगेच पटतात.

दुसरं विमान म्हणून मी हॉकर हंटर सुचवीन. आपल्या वायुसेनेत हंटर १९५७ मध्ये आलं आणि डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनीच लोंगेवालाला रणगाडे अडवले. त्याच्यावर डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे यांची तशीच वळणदार ब्रिटिश नक्षी होती. स्पिटफायरवर शिकलेलं सगळं तिथे जसंच्या तसं कामी येतं.

सगळ्यांना आधी मिग-२१ करायचं असतं. मलाही करायचं होतं. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत ते आपल्याकडे होतं, त्यामुळे ओढ असणारच. पण इतक्या वर्षांत त्याचे रंग अनेकदा बदलले. चंदेरी धातूचं विमान तर नव्या माणसाने घेऊच नये, कारण जोडाची प्रत्येक रेघ आणि वॉटर पेपरचा प्रत्येक ओरखडा त्यात चमकतो. मिगला तिसऱ्या-चौथ्या नंबरवर ठेवा, आणि तेव्हाही एकाच विशिष्ट विमानाचा फोटो समोर ठेवून रंगवा.

स्टुका या जर्मन बॉम्बर विमानाची सरळ रेषांची तुकड्यातुकड्यांची नक्षी कागदावर सोपी दिसते. गोल धडावर मात्र ती सरळ रेषा टेपने सरळ येत नाही. वरून बघितलं की सरळ आणि बाजूने बघितलं की वाकडी, असं होतं. तिलाही थांबू द्या.

२. सामान: काय कुठे मिळतं

सगळंच ऑनलाइन मागवायची गरज नाही. तालुक्याच्या बाजारात एक चक्कर मारली तर निम्मं सामान मिळतं.

- मेडिकल: २ आणि ५ मिलीच्या सिरिंज (रंग-थिनर मोजायला), इयरबड. ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल गावात नसेल तर वर्धा, अमरावती किंवा नागपूरला सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा. कागद आणि टेप कापायला याच्याइतकं धारदार दुसरं काही नाही.
- हार्डवेअर: ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, मिनरल टर्पेंटाइन (इनॅमल रंगासाठी), नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, काचेचा एक तुकडा कडा घासून.
- मोबाइल रिपेअरिंगचं दुकान: आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड साफ करायला त्यांच्याकडे असतंच. एअरब्रश धुवायला आणि टामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करायला चालतं.
- स्टेशनरी: स्टीलची पट्टी, एचबी पेन्सिल, टूथपिक, पोस्टर चिकटवायची पुट्टी म्हणजे ब्लू टॅकसारखी. मुलांची खेळायची तेलकट क्ले घेऊ नका, तिचं तेल रंगात उतरतं.
- ऑनलाइन: मॉडेलचे रंग, त्याच कंपनीचा थिनर, प्रायमर, पिवळी मॉडेल टेप (६ आणि १० मिलिमीटर), रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारा द्रव). थिनर आणि स्प्रे कॅन ज्वलनशील असल्यामुळे असं पार्सल रस्त्याने येतं, त्यामुळे वेळ धरून चाला.
- एअरब्रश घेणार असाल तर ०.३ मिलिमीटर सुईचा आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर. टाकी हवीच, कारण अर्ध्या पंखावर असताना लाइन गेली तर टाकीतल्या हवेवर निदान हाती घेतलेला थर पुरा होतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर पाइप जोडू नका. त्या हवेसोबत तेल आणि पाणी येतं आणि रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

आता दोन सापळे. पहिला म्हणजे गाड्या रंगवायच्या गॅरेजमधला एनसी थिनर. स्वस्त आहे, हाताशी आहे आणि किटचं प्लास्टिक सरळ विरघळवतो. मी त्यात बुडवलेल्या फडक्याने शेपटीचा पंख पुसला आणि त्याच्यावरच्या बारीक रेघा तेवढ्यातच लोण्यासारख्या मऊ होऊन पुसल्या गेल्या. दुसरा सापळा म्हणजे हार्डवेअरमधली जाड मास्किंग टेप. ती भिंतीसाठी असते. तिच्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो आणि गोंद फार कडक. पिवळी टेप येईपर्यंत तीच वापरायची असेल तर काचेवर चिकटवा, स्टीलपट्टी लावून दोन्ही कडा ब्लेडने नव्याने कापा आणि मॉडेलला लावायच्या आधी दोन-तीनदा तळहाताच्या मागच्या बाजूला चिकटवून काढा. चिकटपणा पुरेसा उतरतो. सेलोटेप आणि काळी इन्सुलेशन टेप मात्र मॉडेलच्या जवळही नेऊ नका.

श्वासाचंही बघा. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. इनॅमल किंवा लॅकर मारणार असाल तर कार्बन कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा. चूल, गॅस, देवापुढचा दिवा यांच्या खोलीत फवारणी कधीच करू नका. उरलेला थिनर नालीत ओतू नका, झाकणाच्या बाटलीत ठेवा.

३. नक्षीचा कागद मोठा करून घ्या

किटसोबत रंगांचा जो कागद येतो त्यावरचं चित्र बहुतेक वेळा मॉडेलपेक्षा लहान असतं. मोजा. समजा कागदावर पंखांचं टोक ते टोक साडेबारा सेंटिमीटर आहे आणि मॉडेलवर १५.६. तर १५.६ भागिले १२.५, म्हणजे जवळपास १.२५. झेरॉक्सच्या दुकानात सांगा, "सव्वाशे टक्के करून द्या." तीन प्रती घ्या. एक समोर ठेवायला, एक कापायला, एक चुकली तर.

आता नक्षी उलटी तर नाही ना, ते बघा. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटिश विमानांवर एकाच नक्षीचे दोन प्रकार होते, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. तुमच्या डीकलवर (मॉडेलला चिकटवायच्या खुणा-आकड्यांच्या चित्रांवर) जो सिरीयल नंबर आहे त्या विमानाचा फोटो मिळाला तर तो कागदापेक्षा खरा माना. कागदाच्या प्रतीवर "वर", "डावा", "उजवा" असं पेनने लिहून ठेवा. कापलेले तुकडे टेबलावर सरकले की डावा कोणता ते ओळखू येत नाही, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

४. धुणं आणि प्रायमर

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, जुन्या टूथब्रशने मॉडेल धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नाही. पातळ पंख वाकतो आणि परत सरळ होत नाही. धुतल्यानंतर त्याला उघड्या बोटांनी धरू नका. आपल्या उन्हाळ्यात बोटाला घाम असतोच आणि त्या ठशावर रंग धरत नाही. इंजिनाच्या भोकात काडी खुपसून तिला धरा.

कॉकपिटची काच पिवळ्या टेपने झाका, टूथपिकने चौकटीच्या कडांवर टेप दाबा आणि नव्या ब्लेडने चौकटीवरून हलकेच कापा. चाकांच्या खोबणीत ओल्या टिश्यूचे गोळे भरा.

प्रायमर टाळू नका. मॉडेलला प्रायमर नसेल तर मास्किंग हा जुगार होतो. मुलांचे क्राफ्टचे अ‍ॅक्रिलिक रंग तर नुसत्या प्लास्टिकवर नीट धरतच नाहीत, टेपसोबत पापुद्र्यासारखे निघून येतात. पातळ थर द्या, एक दिवस जाऊ द्या, मग २००० च्या ओल्या पेपरने इतकंच घासा की हात फिरवल्यावर खरखर जाणवणार नाही.

५. आधी फिकट, मग गडद, आणि मधे थांबणं

क्रम असा: पोटाचा स्काय, मग वरून सगळीकडे डार्क अर्थ, मग त्यावर डार्क ग्रीन. फिकटावर गडद रंग एका थरात झाकतो. गडदावर फिकट चढवायला तीन-चार थर लागतात आणि तेवढी जाडी टेपच्या कडेला भिंतीसारखी उभी राहते.

अ‍ॅक्रिलिक रंग उन्हाळ्यात पाच मिनिटांत बोटाला कोरडा लागतो. तो फक्त वरून कोरडा असतो. उष्णतेने वरचा पातळ पापुद्रा चटकन बसतो आणि आतला थिनर बाहेर पडायची वाट बंद होते. माझा पंख याच कारणाने सोलला गेला होता. अ‍ॅक्रिलिकला टेप लावायच्या आधी निदान एक पूर्ण दिवस द्या, इनॅमलला दोन, आणि पावसाळ्यात आणखी एक वाढवा.

तपासायचे दोन उपाय. मॉडेल नाकाजवळ नेऊन वास घ्या, थिनरचा वास येत असेल तर तो अजून आत आहे. दुसरा, जो मी प्रत्येक वेळी करतो: किटच्या फ्रेमचा एक सपाट तुकडा मॉडेलसोबतच प्रायमर आणि रंग करून ठेवायचा. मॉडेलवर टेप लावायच्या आधी त्या तुकड्यावर लावा, नखाने दाबा, अर्धा तास ठेवा, ओढा. तिथे निघालं तर मॉडेलवरही निघेल. तुकडा गेला तर काही गेलं नाही.

६. टेप लावणं

१:७२ मध्ये दोन रंगांमधली कड ठळक ठेवली तरी चालते, आणि पहिल्या विमानाला मी तीच करायला सांगतो. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या मधली धूसर पट्टी सात सेंटिमीटर धरली, तरी आपल्या मॉडेलवर ती एक मिलिमीटरच्या आत येते. हातभर लांबून बघणाऱ्याला ती ठळकच दिसते.

टेप काचेवर चिकटवून तिच्या एक ते दीड मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. रुंद टेप वळणावर सुरकुतते, बारीक पट्टी बांगडीसारखी वळते. मोठा केलेला कागद बाजूला ठेवून मॉडेलवर पेन्सिलीने अगदी हलकी रेघ काढा, आणि ती पट्टी त्या रेघेवरून पुढे-पुढे बसवत न्या. एका हाताने पट्टी किंचित ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने मागून दाबत यायचं. जास्त ताणली तर तासाभराने ती आखडून कडेवरून उचलली जाते. ही पट्टी म्हणजे शेताचा धुरा. धुरा एकदा बरोबर पडला की आतला भाग रुंद टेपने, कागदाने, कशानेही भरता येतो. आत मोठी जागा असेल तर टेप वाचवून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळा. तिला गोंद नसतो, त्यामुळे खालच्या रंगाला काही होत नाही.

मग टूथपिकचं टोक आडवं धरून सगळी कड घासा. जोडाच्या रेघा, रिव्हेट, पंख धडाला मिळतो तो कोपरा, या जागी टेप पुलासारखी ताणली जाऊन खालून पोकळ राहते आणि रंग तिथूनच आत शिरतो. उजेड तिरका पाडून बघा. जिथे टेप नीट बसलीय तिथे खालचा रंग किंचित गडद दिसतो, जिथे उचललेली आहे तिथे धुरकट.

यानंतरची पायरी पुष्कळ जण सोडतात, आणि मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते. टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे डार्क अर्थ, पुन्हा एक पातळ हात मारा. जिथे फट आहे तिथे तोच रंग शिरून वाळतो आणि फट बुजते. तपकिरीवर तपकिरी सांडलेला कोणाला दिसत नाही. त्यावर हिरवा मारला की तो आत जायला जागाच उरत नाही.

७. धूसर कड हवी असेल तर

हा भाग एअरब्रशवाल्यांसाठी. पुट्टीच्या शेवया वळतात तशा तीन मिलिमीटर जाडीच्या वळकट्या वळा. उन्हाळ्यात पुट्टी लिबलिबीत होते, त्यामुळे आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. वळकटी पेन्सिलीच्या रेघेवर ठेवा, दाबू नका, नुसती टेकवा. तिच्या गोल पोटाखाली जी बारीक फट राहते, तिच्यातून धूसरपणा येतो. आतला भाग टेप आणि कागदाने झाका.

एअरब्रश नेहमी पृष्ठभागाशी काटकोनात धरा. तिरका धरलात तर रंग वळकटीच्या पोटाखाली शिरतो आणि कड एका बाजूला पसरट होते. पंखावर काटकोन म्हणजे सरळ खाली, धडाच्या बाजूला काटकोन म्हणजे आडवा. प्रत्येक ठिकाणी मॉडेल फिरवा, मनगट वाकवू नका.

दुसरी रीत कागदाची. मोठा केलेला झेरॉक्स नक्षीवरून कापा आणि त्याच्या खालच्या बाजूला पुट्टीचे मोहरीएवढे ठिपके लावून तो मॉडेलपासून एक मिलिमीटरभर उचललेला ठेवा. जितका उंच, तितकी कड धूसर. पंखासाठी ही रीत सोपी आहे, गोल धडावर मात्र वळकटीच बरी पडते.

८. रंग मारणं: आपल्याकडचे ऋतू

रंग पाणी घातलेल्या दुधाइतका पातळ करा. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकला रंगाइतकाच किंवा थोडा जास्त थिनर. दाब १५ पीएसआयच्या आसपास. पहिला हात इतका हलका की खालचा रंग दिसत राहावा, मग दुसरा, तिसरा. फवारा टेपकडून मोकळ्या भागाकडे न्या. मोकळ्या भागाकडून टेपच्या कडेवर मारला तर हवा रंगाला टेपखाली ढकलते.

ब्रशने करणाऱ्यांनी चपटा मऊ ब्रश घ्यावा, रंग पातळ ठेवावा आणि हात टेपकडून बाहेर असा एकाच दिशेने न्यावा. दोन-तीन थर, प्रत्येकाच्या मधे काही तास. टामियाचे अ‍ॅक्रिलिक ब्रशला चांगले नाहीत, दुसरा हात पहिल्याला उकरतो. व्हॅलेहो किंवा हम्ब्रॉलचं इनॅमल वापरा.

आपल्या हवेसाठी पुस्तकी वेळापत्रक चालत नाही. माझं असं आहे.

एप्रिल ते मृग: पहाटे पाच ते सात, त्यानंतर नाही. पारा पंचेचाळिशीला गेला की रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर रेती भुरभुरल्यासारखा खरखरीत बसतो. एअरब्रशच्या टोकावर रंग सुकून अचानक शिंतोडे उडतात. रिटार्डरचे दोन-चार थेंब टाका, जरा जवळून मारा, आणि आयपीएमध्ये भिजवलेला इयरबड हाताशी ठेवून दर मिनिटाला टोक पुसा. कूलर चालू ठेवून फवारू नका. कूलरची हवा ओली असते, त्यात ताटीच्या गवताच्या बारीक काड्या उडतात, आणि लॅकरवर ओल बसली की पांढरट साय धरते. कूलर अर्धा तास आधी बंद करा, धूळ खाली बसू द्या.

पावसाळा: कॉम्प्रेसरच्या टाकीतलं आणि हवेतली ओल अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी प्रत्येक वेळी काढा. झड लागली असेल तर टेप कापा, कागद कापा, रंग मारू नका.

कापूस वेचणीचे दिवस: हवा सगळ्यात छान, पण आमच्यासारख्या घरात एक खोली कापसाने भरलेली असते. भाव वाढेपर्यंत तो तिथेच असतो आणि त्याचे तंतू घरभर तरंगतात. माझ्या हंटरच्या ओल्या करड्या रंगावर असा एक तंतू पडला, मी तो ओला असतानाच चिमट्याने काढायला गेलो आणि इंचभर चर पडला. तंतू पडला तर हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग २००० च्या पेपरने त्या जागी हलकेच घासा, तो आपोआप तुटून निघतो. तेव्हापासून मी रंग मारला की लगेच प्लास्टिकचा टोपला मॉडेलवर पालथा घालतो.

९. टेप काढायची वेळ

ही वेळ मला शिकवली ती तालुक्याच्या एका पेंटरने. तो ट्रॉलीवर पट्टे मारत होता. लाल रंग अजून चमकत होता आणि त्याने टेप काढायला घेतली. मी थांबवायला गेलो, तर तो म्हणाला, "भाऊ, रंग कच्चा हाये तवरच पट्टी काहाडा. पुरा वाळला का मंग धारीवरून तुटते." त्याने टेपचं टोक धरून तिच्याच अंगावर उलटं दुमडलं आणि जमिनीशी समांतर, हळूहळू ओढत नेलं. खाली सुतासारखी रेघ.

कारण सोपं आहे. नवा रंग टेपवर आणि मॉडेलवर असा सलग पसरलेला असतो. तो कडक झाला की टेप उचलताना तो कुठेतरी मोडणारच, आणि कडेवरच मोडेल याची खात्री नाही. तो थोडा कच्चा असताना कडेवर स्वच्छ कापला जातो. म्हणजे दोन रंगांचे दोन नियम झाले: टेप ज्याच्यावर लावायची तो रंग पूर्ण पक्का हवा, आणि टेपच्या वरून मारलेला रंग कच्चा हवा. मी त्या मे महिन्यात दोन्ही उलटे केले होते. खालचा डार्क अर्थ कच्चा होता आणि वरचा हिरवा तासभर उन्हात भाजला होता.

अ‍ॅक्रिलिकला शेवटच्या हातानंतर दहा ते पंधरा मिनिटं द्या, उन्हाळ्यात पाच-सात. रंगाची ओली चमक गेली की सुरुवात करा. टेप सरळ वर उपटू नका, १८० अंशात मागे दुमडून, कडेच्या दिशेने ओढा. ज्या क्रमाने लावली त्याच्या उलट क्रमाने काढा, शेवटी ती बारीक धुऱ्याची पट्टी. कुठे रंगाचा पापुद्रा टेपसोबत उचलला जातोय असं दिसलं तर थांबा, तिथे ब्लेडचं टोक कडेवरून वजन न देता फिरवा आणि मग पुढे जा. काही कारणाने टेप राहून गेली आणि रंग कडक झाला, तर सगळीच कड आधी ब्लेडने अशी फिरवून घ्या. पावसाळ्यात आणि थंडीत टेप रात्रभर राहिली तर एक वेळ निभतं. उन्हाळ्यात ज्या सकाळी लावली त्याच सकाळी काढा.

१०. बिघडलेलं दुरुस्त करणं

रंग थोडा आत शिरला असेल तर लगेच पुसू नका. दोन दिवसांनी ००० नंबरच्या ब्रशने खालच्या रंगाचा ठिपका-ठिपका देत तो झाका. कडेला जाडीची भिंत लागत असेल तर २००० च्या ओल्या पेपरने, नाहीतर जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने घासून ती बसवा.

गोंद राहिला असेल तर टेपच्याच ताज्या तुकड्याचा बोळा करून त्यावर टिपा, बराचसा उचलला जातो. पक्क्या वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर मिनरल टर्पेंटाइनचा इयरबड हलका फिरवला तरी निघतो. इनॅमलवर हे करू नका, रंगच जाईल.

पापुद्रा प्रायमरसकट निघाला असेल, तर खड्ड्याच्या कडा १००० आणि मग २००० च्या पेपरने उतरत्या करा, तिथेच प्रायमर द्या, घासा, आणि पुन्हा रंग. माझी ती स्पिटफायर मी अशीच दुरुस्त केली. ती आजही कपाटात आहे आणि डाव्या पंखावरची जागा मला सोडून कोणाला सापडत नाही. अगदीच बिघडलं तर टामियाचे अ‍ॅक्रिलिक आयपीएने पुसून प्लास्टिकपर्यंत जाता येतं आणि नव्याने सुरू करता येतं.

यानंतर चमकदार वार्निश, त्यावर डीकल, मग मॅट वार्निश. डीकल मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, म्हणून चमकदार थर मधे लागतो. काचेची टेप सगळ्यात शेवटी काढा.

आणि कापलेली नक्षी फेकू नका. माझ्याकडे शाळेची एक जुनी दोनशे पानी वही आहे, तिच्यात प्रत्येक विमानाचे कागद चिकटवून बाजूला लिहून ठेवलंय: हंटर, १:७२, झेरॉक्स किती टक्के, कोणता रंग किती मिली, थिनर किती, महिना कोणता, टेप किती मिनिटांनी काढली.